जागृती का पडली

खडवलीला नदीच्या अलीकडे काळुरामची थोडी माळजमीन आहे. तिथे माती ओढून त्याने लहानमोठे उंचवटे करून दिले होते आणि रविवारी सकाळी डोंबिवली-कल्याणकडची पाच-सहा मंडळी डर्ट बाईक चालवायला जमायची. त्यांत मुली दोघीच. योगिनी ठाण्याला एका आर्किटेक्टच्या ऑफिसात ड्रॉइंग करायची आणि जागृती त्याच बिल्डिंगमधल्या ब्युटी पार्लरमध्ये कामाला होती. लिफ्टमध्ये ओळख झाली, मग डबा एकत्र खायला लागल्या आणि एका रविवारी योगिनी तिला खडवलीला घेऊन गेली. जागृती गाडीवर बसली ती उतरायलाच तयार नव्हती. तेव्हापासून गाडी एक, योगिनीची, आणि चालवणाऱ्या दोघी.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी जागृती मोठ्या उंचवट्यावरून उडाली. ही उडी तिने आधीही मारलेली. गाडी नीट वर गेली, खाली आली, चाकं मातीला लागली आणि पुढच्याच क्षणी गाडीचा मागचा भाग कुणी लाथ मारल्यासारखा वर उसळला. जागृती हँडलवरून पुढे फेकली गेली. हेल्मेट होतं म्हणून डोकं वाचलं. डावं मनगट मात्र अंगाखाली सापडलं.

काळुराम खळ्यावरून धावत आला. "काय गो, कुठं लागलं?" म्हणत त्याने तिचं हेल्मेट सोडवलं. जागृती ओठ घट्ट मिटून बसलेली. हाताकडे बघायची तिची हिंमत होत नव्हती.

ऋतुराज त्या सगळ्यांत जुना. स्पर्धा जिंकलेला, सगळे त्याच्याकडूनच शिकलेले. त्याने गाडी उचलून स्टँडला लावली आणि म्हणाला, "हवेत थ्रॉटलची मूठ सोडलीस तू. घाबरलीस. घाबरलं की हात आपोआप बंद होतो, मग गाडी नाक टाकते. होतं असं."

तो ओरडून बोलला नव्हता, उलट समजूत घालत होता. म्हणूनच कुणी काही विचारलं नाही. कल्याणच्या हॉस्पिटलात प्लास्टर घालून घेताना जागृतीने स्वतःच डॉक्टरांना सांगितलं, "मी घाबरले, म्हणून पडले."

मनगटात दोन ठिकाणी मोडलं होतं.

पुढचे काही आठवडे योगिनी ऑफिस सुटल्यावर अधूनमधून दिव्याला उतरायची. जागृती आणि तिची आई रतनकाकू तिथे चौथ्या मजल्यावर राहायच्या. एके दिवशी गेली तेव्हा नळाला नुकतंच पाणी आलेलं आणि रतनकाकू पिंप, हंडे, बादल्या भरत होत्या. एरवी जड हंडे जागृती उचलायची. आता ती प्लास्टरचा हात पोटाशी धरून खाटेवर बसून नुसती बघत होती.

"पार्लरवाल्या मॅडमचा फोन आलेला," ती म्हणाली. "थ्रेडिंगला दोन्ही हात लागतात ना. माझ्या जागी कुणीतरी घेतलीय म्हणे, टेम्पररी."

"हात बरा झाला की परत घेतील."

"हं. आणि ते हेल्मेट घेऊन जा तू. मी नाही येणार आता."

"अगं, असं काय करतेस? एकदा पडलीस म्हणून..."

"पडले म्हणून नाही गं. मी घाबरले. ऋतुराज बोलला ते खरं असणार. मलाच कळलं नाही, यार, मी कधी घाबरले ते. आपल्याला कळतही नाही आणि हात बंद होतो, म्हणजे पुन्हा होणार ना? त्यापेक्षा नकोच."

 योगिनी हेल्मेट घेऊन निघाली. दारापर्यंत आलेल्या रतनकाकू एवढंच म्हणाल्या, "तिला आता त्यातलं काही सांगू नकोस हां. रात्रीची दचकून उठते."

घरी येताना मात्र योगिनीच्या डोक्यातून एक गोष्ट जाईना. त्या सकाळी तिने जागृतीची उडी फोनवर घेतली होती. तो व्हिडिओ परत बघायचं धाडस तिला झालेलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ती जिन्यात जाऊन बसली, कानात इअरफोन घातले आणि बघायला लागली. पहिल्यांदा तिला फक्त पडणं दिसलं. मग तिने डोळे मिटून नुसता आवाज ऐकला.

इंजिनाचा आवाज चढत गेला, हवेत तसाच राहिला आणि जमिनीला लागेपर्यंत कुठेही पडला नाही. थ्रॉटल सोडला असता तर आवाज बसला असता. तिने परत ऐकला. आणि एकदा. मग व्हिडिओ अगदी सावकाश लावून चाकं पाहिली. पुढचं चाक व्यवस्थित टेकलं होतं. मागचं टेकलं, दबलं आणि झटक्यात उसळलं.

जागृती घाबरली नव्हती.

संध्याकाळी डोंबिवलीला पोचल्यावर ती वर घरी न जाता तडक पार्किंगमध्ये गेली. गाडीच्या सीटवर दोन्ही हात ठेवून पूर्ण वजन टाकलं. आतून कर्र असा आवाज आला, सीट खाली गेली आणि हात काढताच रबरी चेंडूसारखी टणकन वर आली. चांगला शॉक, म्हणजे धक्के झेलणारा शॉक ॲब्सॉर्बर, सावकाश वर येतो. स्प्रिंगला आवरायचं काम आतल्या तेलाचं. इथे आवरणारं काही उरलंच नव्हतं.

गाडी कल्याणच्या एका मुलाकडून तिने जुनीच घेतलेली. इंजिन ऑइल, चेन, ब्रेक हे सगळं ती वेळच्या वेळी बघायची. मागची बाजू तिने कधीच उघडली नव्हती, कारण ती चालत होती.

ऋतुराजला फोन केला तर तो म्हणाला, "मागचा शॉक? त्याला इथे कोणी हात लावत नाही. पुण्याला एक जण करतो." पुण्याच्या माणसाने सांगितलं की गाडी ठेवून जा, पण पावसाळ्याच्या आधी बघणं होणार नाही. योगिनीने त्याला तिथल्या तिथे विचारलं, "मी घरी केलं तर?"

तो म्हणाला, "सगळं करता येतं. पण एक लक्षात ठेवा. शॉकच्या टाकीत नायट्रोजन असतो, दाबाखाली. तो आधी सोडल्याशिवाय एकही स्क्रू फिरवायचा नाही. तोंड लांब ठेवायचं. आणि घाई करायची नाही."

तिने ठरवलं. कंपनीचं मॅन्युअल मिळवून ते शेवटच्या पानापर्यंत वाचलं आणि शनिवारी सकाळी पार्किंगमध्ये इंजिनाखाली लाकडी ठोकळे लावून कामाला बसली.

अर्ध्या तासात सोसायटीचे सेक्रेटरी आले. "हे गॅरेज आहे का? नवीन पेव्हर ब्लॉक बसवलेत, ऑइल सांडलं तर डाग कोण काढणार?"

"खाली पुठ्ठा घातलाय, काका. पार्ट सुटे झाले की वर घेऊन जाते."

"वर म्हणजे?"

"आमच्या गॅलरीत."

ते वर जाऊन तिच्या वडिलांशी बोलले असावेत. कारण थोड्या वेळाने श्रीपादराव चष्मा पुसत खाली आले. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेला माणूस. मुलीच्या या छंदाला त्यांनी कधी मनाई केली नव्हती, पण कधी खडवलीला येऊन पाहिलंही नव्हतं.

"योगिनी, त्या मुलीचा हात मोडला. आता ही गाडी काढून टाकावी असं मला वाटतं."

"आत्ताच विकली, तर पुढचा जो कोणी बसेल तो पडेल, बाबा. मग त्याचं काय?"

श्रीपादरावांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. तसेच उभे राहून बघत राहिले.

मागचं चाक निघालं. पण चाकाला धरून ठेवणारा जो ॲल्युमिनियमचा लांब हात असतो, स्विंगआर्म, त्याच्या आरपार गेलेला जाड बोल्ट जागचा हलेना. नट सुटला, बोल्ट गंजून आत चिकटून बसलेला. योगिनीने गंजाचा स्प्रे मारला, वाट पाहिली, लाकूड मध्ये धरून हातोडा घातला. काही नाही. रविवारभर तेच. ऑफिसला जाण्याआधी स्प्रे, आल्यावर हातोडा. आठवडाभर रोज. तळहाताला फोड आले, ते फुटले, तिने पट्टी गुंडाळली आणि परत ठोकायला लागली. जास्त जोर लावला तर बोल्टचं तोंड पसरेल आणि मग तो कधीच निघणार नाही, हे तिला माहीत होतं. म्हणून प्रत्येक घाव बेताचाच घालायचा.

पुढच्या शनिवारी घावाचा आवाज बदलला. आधी भरीव ठण्ण वाजायचं, आता थोडं बोदं. बोल्ट केसभर सरकला होता. श्रीपादराव पेपर ठेवून खाली आले आणि त्यांनी दुसऱ्या बाजूने लाकडाचा ठोकळा धरला.

जेवायच्या वेळेपर्यंत बोल्ट बाहेर आला, तांबूस गंजाने माखलेला.

सगळं ओझं दोघांनी मिळून तिसऱ्या मजल्यावर नेलं. लिफ्ट नाहीच. गॅलरीत योगिनीच्या आईच्या, वासंतीबाईंच्या कुंड्या एका बाजूला सरल्या, जुनी सतरंजी अंथरली गेली. शॉक आणि स्विंगआर्म यांना जोडणारा जो एक छोटा तुकडा असतो, त्यातलं बेअरिंग योगिनीने बोटाने चाचपलं. आतल्या बारीक सळयांचा तपकिरी भुगा झाला होता. दोन-चार तुटक्या सळया हातात आल्या.

मग शॉक. गॅलरीबाहेर हात लांब करून, मान वळवून तिने व्हॉल्व्हची पिन दाबली. जोरात फुस्स होईल म्हणून ती तयारीत होती. काहीच आवाज आला नाही. गॅस कधीच निघून गेला होता. झाकण काढून शॉक उपडा केल्यावर स्टीलच्या वाटीत जे पडलं ते काळं, पाण्यासारखं पातळ, फेसाळ होतं आणि त्याला करपट वास येत होता.

वासंतीबाईंनी वाटीत डोकावून पाहिलं. "हे तेल?"

"तेल होतं."

"मग ती पडली, ते यामुळे?"

"हो," योगिनी म्हणाली.  जागृती घाबरली नव्हती ही बातमी तिला धावत जाऊन सांगायची होती. पण त्याचा दुसरा अर्थही त्या वाटीत समोर होता. गाडी तिची. जागृतीला त्या गाडीवर बसवलं तिने.

तिने हात धुतले, थोडं तेल एका बाटलीत घेतलं, सळया रुमालात बांधल्या आणि संध्याकाळी दिव्याला गेली.

जागृतीला आधी व्हिडिओचा आवाज ऐकवला. मग बाटली दाखवली, सळया दाखवल्या. "तू थ्रॉटल सोडलाच नव्हतास. माझ्या गाडीचा शॉक मेलेला होता. मी कधी उघडून बघितलाच नव्हता."

जागृतीने त्या सळयांवरून बोट फिरवलं. एक तिने चिमटीत धरली आणि परत ठेवली. मग तिचा चेहरा लाल झाला.

"म्हणजे एवढे दिवस मी इथे बसून स्वतःला शिव्या घालत होते. झोप नाही मला, माहितीये? डोळे मिटले की हात बंद होतोय असं दिसायचं. आणि तुझी गाडी खराब होती."

"हो."

"आणि तू मला बसवलीस तिच्यावर."

"हो. बसवली."

रतनकाकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. योगिनी त्यांच्याकडे वळली. "काकू, चूक माझी आहे. तुम्ही काय बोलाल ते..."

"मी काय बोलू?" रतनकाकू म्हणाल्या. "हात तिचा आहे. तिलाच बोलू दे."

जागृती उठून खिडकीपाशी गेली. पाठमोरीच म्हणाली, "आत्ता तू जा. मला तुझ्याशी बोलायचं नाहीये."

योगिनी गेली. स्टेशनपर्यंतचा रस्ता तिला कसा गेला कळलं नाही.

जागृतीचा फोन दुसऱ्या दिवशी सकाळीच आला. हॅलो नाही, काही नाही. "ऋतुराजला सांगितलंस?"

"अजून नाही."

"सगळ्यांसमोर सांग. त्याने सगळ्यांसमोर सांगितलेलं ना, मी घाबरले म्हणून. ग्रुपवर टाक. आवाजासकट." आणि फोन बंद.

योगिनीने व्हिडिओ टाकला, तेलाचा फोटो टाकला, आणि खाली लिहिलं की जागृतीची काही चूक नव्हती, गाडी नादुरुस्त होती आणि ती जबाबदारी आपली.  दुपारी ऋतुराजचा आवाजी मेसेज आला. "ऐकलं. तीनदा ऐकलं. मी त्या दिवशी नुसतं बघितलं आणि बोलून मोकळा झालो. जागृती, सॉरी. मी असं बोलायला नको होतं."

जागृतीने त्यावर काही लिहिलं नाही. पण मेसेज तिने ऐकला होता हे दिसत होतं.

योगिनी पुन्हा कामाला लागली. बेअरिंगवर कोरलेल्या नंबरावरून कल्याणच्या दुकानात नवी बेअरिंगं मिळाली. तेल आत धरून ठेवणारं रबरी सील आणि नवं तेल कुरियरने मागवलं. बेअरिंग थंड केलं की आकसतं, जोडाचा तुकडा तापवला की पसरतो, मग एकात एक अलगद बसतं. त्यामुळे एक रात्र बेअरिंगं फ्रीझरमध्ये मटाराच्या पिशवीशेजारी राहिली आणि सकाळी तो तुकडा इडलीपात्रात उकळत्या पाण्यात बसला.

"हे इडलीपात्र आता माझ्या ओट्यावर यायचं नाही," वासंतीबाई म्हणाल्या. पण गॅस त्यांनीच मोठा केला.

बेअरिंगं बसली. सील बसलं. नवं तेल ओतून, शॉकचा दांडा सावकाश वरखाली करत आतली हवा काढायची होती. एकाने शॉक उभा धरायचा, दुसऱ्याने दांडा हलवायचा. श्रीपादराव धरून बसले. बुडबुडे यायचे थांबेपर्यंत त्यांनी हात हलवला नाही. त्यांच्या बनियनवर तेल सांडलं, तेही त्यांनी नंतरच पाहिलं.

नायट्रोजन कुठून आणायचा हा प्रश्न होता. टायरवाल्याकडे तेवढा दाब मिळेना. मग योगिनीला आठवलं की शेजारच्या बिल्डिंगमधला कमलेश एसी बसवतो आणि पाइप कुठे गळतोय का ते बघायला नायट्रोजनचं सिलिंडर वापरतो. कमलेशने मॅन्युअलचं पान दोनदा वाचलं, त्याच्या पाइपाला बसेल असं एक तोंड शोधून आणलं आणि सगळ्यांना गॅलरीतून आत पाठवून हळूहळू दाब चढवला. काटा सांगितल्या जागी थांबला. "बस. टिकला की आपण पास," तो हसत म्हणाला.

टिकला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दांड्यावर तेलाचा चकचकीत पट्टा होता. दांड्याच्या टोकाच्या धारेवरून सरकवताना नव्या सीलचा ओठ कापला गेला होता.

योगिनी सतरंजीवर बसून राहिली. मेहनत सगळी वाया गेलेली, तळहात सोललेले, आणि समोर पुन्हा तेच गळकं धूड. आत वासंतीबाई हळूच म्हणाल्या, "आता पुण्याला देऊन टाकू दे तिला." श्रीपादराव म्हणाले, "ती देणार नाही."

ती देणार नव्हतीच. तिने दुसरं सील मागवलं. ते येईपर्यंत सगळं परत सुटं केलं, स्वच्छ केलं. या खेपेला दुधाची रिकामी पिशवी धुऊन कापली, दांड्याच्या धारेवर घट्ट गुंडाळली, तेल लावलं आणि त्यावरून सील इंचाइंचाने खाली सरकवलं. पिशवी काढून घेतली. भिंग लावून सीलचा ओठ पाहिला. अखंड होता.

कमलेश परत आला. दुसऱ्या दिवशी दांडा कोरडा होता, तिसऱ्या दिवशीही.

गाडी जोडायच्या सकाळी बेल वाजली. दारात जागृती. प्लास्टर निघालेलं, मनगटाला क्रेप बँडेज. तिने योगिनीकडे न बघता वासंतीबाईंना नमस्कार केला आणि म्हणाली, "काकू, हिचं काम बघायला आलेय. नीट केलंय की नाही ते."

पार्किंगमध्ये ती स्टुलावर बसून सगळं बघत राहिली. कुठला बोल्ट किती घट्ट, मॅन्युअलमधून मोठ्याने वाचायची आणि योगिनीने घट्ट केला की, "दाखव," म्हणायची. शेवटी योगिनी पूर्ण पोशाख चढवून गाडीवर बसली. वजनाने मागचा भाग किती दबतो ते मोजायचं होतं. जागृतीने उजव्या हाताने टेप धरली, आकडा वाचला, मान हलवली. "जास्त दबतेय. स्प्रिंग आवळ." आवळली. परत मोजलं. आता बरोबर आलं.

मग जागृती उठली आणि चांगला हात सीटवर टेकवून तिने अंगातलं सगळं वजन टाकलं. सीट खाली गेली. आवाज नाही. हात उचलल्यावर ती शांतपणे, दमाने वर आली.

"हं," ती म्हणाली. आणि त्या सगळ्या आठवड्यांत पहिल्यांदा योगिनीकडे सरळ बघितलं. "अजून राग आहे मला. थोडे दिवस राहील."

"राहू दे."

खडवलीला उडी आधी योगिनीनेच मारली. पाच-सहा वेळा, प्रत्येक वेळी जरा जास्त वेगाने. श्रीपादराव पहिल्यांदाच आले होते. काळुरामने दिलेल्या खुर्चीवर ते एकदाही टेकले नाहीत, उभेच होते. गाडी उतरायची, मागचं चाक दबायचं आणि जमिनीला धरून राहायचं. ऋतुराज गुडघ्यावर बसून चाकाकडे बघत होता. नंतर स्वतःच्या गाडीची सीट दाबून बघत म्हणाला, "माझीही मागची बाजू कधी उघडलेली नाही. योगिनी, दाखवशील?"

"मी दाखवते," जागृती म्हणाली. "सगळं वाचून झालंय माझं."

डॉक्टरांनी तिला परवानगी दिली तेव्हा एप्रिल सरत आला होता. पार्लरमध्येही ती परत रुजू झाली होती. त्या सकाळी रतनकाकू डबा घेऊन सोबत आल्या आणि बाभळीच्या सावलीत बसल्या. जागृतीने हातमोजे घातले, क्लच दोन-तीनदा दाबून मनगट तपासलं.

"उडी?" योगिनीने विचारलं.

"आज नाही. आज नुसती चालवणार."

तिने गिअर टाकला आणि माळावरून निघाली. पहिली फेरी अगदी सावकाश. दुसऱ्या फेरीला खाचखळग्यांच्या पट्ट्यात ती पायांवर उभी राहिली आणि वेग कमी न करता त्यातून पार गेली. रतनकाकूंनी डब्याचं झाकण उघडलं होतं. ते तसंच हातात धरून त्या बघत होत्या.